डासाचं खाणं आणि त्याच्या अंगातला जंत

मागच्या अंकात हत्तीरोगाच्या (डास चावून अंगात जंत जातो आणि पाय सुजून जाड होतो, तो रोग) गोळ्यांबद्दल एक छोटी चौकट छापली होती, त्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. त्यातले निम्म्याहून जास्त तर गोळ्यांबद्दल नाहीतच, डासाच्या खाण्याबद्दल आहेत. मला फार आनंद झाला, कारण माझी नोकरीची कितीतरी वर्षं डास पाळण्यात, त्यांना जेवू घालण्यात आणि मग सुईने त्यांची छाती उकलून आत जंत शोधण्यात गेली आहेत. सगळ्यांना वेगवेगळी उत्तरं देणं जमणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, आमच्याकडे आशाताई हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आल्या होत्या तेव्हा आमच्या ह्यांनी त्यांना विचारलं की डास आपलं रक्त पितो म्हणजे ते पचवतोच ना, मग रक्तातला जंत का नाही पचत? बिचाऱ्या गप्प बसल्या. तुम्ही सांगा. — एक वाचक, हिंगणघाट

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, ह्यांना सांगा. पचतात हो, बरेच पचतात. पण सगळे नाही.

आधी डासाचं जेवण समजून घेऊ. डास रोज रक्त पीत नाही. नर तर कधीच पीत नाही, आणि मादी पिते ती अंड्यांसाठी, कारण अंडी तयार करायला प्रोटीन लागतं. रोजचं पोट भरायचं, उडायचं, जगायचं, ते सगळं साखरेवर चालतं: फुलातला मध, झाडाच्या खोडातून पाझरणारा रस, पिकून फुटलेलं फळ. आणि हे दोन पदार्थ तिच्या पोटात एका जागी जात नाहीत. साखरेचा रस आधी एका वेगळ्या पिशवीत साठवला जातो आणि तिथून लागेल तसा पुढे सरकतो, रक्त मात्र सरळ मुख्य पोटात जातं. जंताला एवढं एकच दार उघडं असतं, रक्ताचं.

हत्तीरोगाचे मोठे जंत माणसाच्या लसीकावाहिन्यांत (अंगात पाझरलेला द्रव परत रक्ताकडे नेणाऱ्या बारीक नळ्यांत) राहतात, मादी जंत ८ ते १० सेंटिमीटर लांब, सुती दोऱ्यासारखी. तिची पिल्लं, ज्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात, ती रक्तात फिरतात, एक पिल्लू मिलिमीटरच्या पाव भागाएवढं. दिवसा ती फुफ्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास बोटाच्या टोकापर्यंतच्या रक्तात येतात, म्हणजे बरोबर क्युलेक्स डास, आपल्याकडे हत्तीरोग पसरवणारी डासाची जात, चावतो तेव्हा. म्हणूनच आमचे लोक रक्ताचे नमुने घ्यायला रात्री दहानंतर गावात जायचे. हातात टॉर्च, मागे भुंकणारी कुत्री, आणि झोपेतून उठलेली माणसं दारात बोट पुढे करून उभी, हे मी स्वतः कितीतरी वेळा पाहिलंय.

आता डासाच्या पोटात काय होतं बघा. रक्त पोटात गेलं की ते घट्ट व्हायला लागतं, त्याच्याभोवती हळूहळू एक पातळ पडदाही धरतो आणि पचन सुरू होतं. पिल्लाकडे वेळ नसतो. काही तासांच्या आत त्याला अंगावरची बारीक खोळ टाकून पोटाची भिंत भेदून बाहेर पडावं लागतं. जी पडली ती वाचली, जी रेंगाळली ती रक्ताबरोबर पचून गेली. काही जातींच्या डासांच्या घशात तर बारीक दात असतात, मलेरियाच्या ॲनॉफिलिसच्या काही जातींमध्ये ते चांगले तीक्ष्ण असतात, तिथून जातानाच कितीतरी पिल्लं फाटतात.

वाचलेली पिल्लं छातीत जातात, पंख हलवणाऱ्या स्नायूंमध्ये. तिथे एकेका पेशीत शिरून त्यावर पोसली जातात. आधी आखूड आणि जाड होतात, शेवेचा तुकडा पडावा तशी दिसतात, मग लांब व्हायला लागतात, दोनदा कात टाकतात आणि दहा ते चौदा दिवसांनी साधारण दीड मिलिमीटरची, सळसळणारी, माणसाला लागण करू शकणारी अळी तयार होते. दीड मिलिमीटर म्हणजे किती, तर डासाच्या सगळ्या शरीराच्या जवळजवळ तिसरा हिस्सा! ही अळी मग डोक्याकडे सरकून सोंडेत येऊन थांबते. आणखी एक, मलेरियाचा परजीवी डासात हजारोंनी वाढतो तसं इथे होत नाही, एक पिल्लू गेलं तर फार फार तर एकच अळी तयार होणार.

म्हणजे जंत पचला नाही की काम झालं, असं नाही. त्याला डास दहा-बारा दिवस जिवंत हवा, आणि डास तेवढे दिवस जगेल की नाही हे त्याच्या खाण्यावर असतं.

मी नागपूरला प्राणिशास्त्रात एमएस्सी करतोय. आमच्या लॅबमध्ये डासांच्या पिंजऱ्यात साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापूस ठेवतात. साखर दिल्यामुळे आतल्या जंताची वाढ चांगली होते का, की फक्त डास जगावा म्हणून देतात? यावर छोटा प्रोजेक्ट करायचा विचार आहे.

जरूर कर, विषय सुंदर आहे आणि या विषयाचा इतिहासच मुळी डासाच्या उपासमारीतून सुरू होतो. तो सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

१८७७ साली चीनच्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर काम करत होता. त्याच्या माळ्याच्या रक्तात ही पिल्लं होती. मॅन्सनने त्याला रात्री डासांच्या खोलीत झोपवलं, सकाळी रक्त पिऊन तट्ट फुगलेले डास पकडले आणि रोज काही उकलून बघितले. पिल्लं पोटातून छातीत गेलेली, बदलत चाललेली त्याला दिसली. माणसाचा रोग किड्याच्या अंगात वाढतो हे तोपर्यंत कोणी दाखवलं नव्हतं, केवढी मोठी गोष्ट! पण त्याचे डास चार-पाच दिवसांत मरायचे. त्याची समजूत अशी की डास एकदा रक्त पितो, अंडी घालतो आणि पाण्यावर मरून पडतो, आयुष्य तेवढंच. त्यामुळे त्याने अंदाज बांधला की जंत मेलेल्या डासातून पाण्यात उतरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला लागण होते. वीसेक वर्षं हाच समज चालू राहिला.

डास मरत होते कारण त्यांना नीट खायला नव्हतं, बस.

मग ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला थॉमस बॅंक्रॉफ्टने (याच्याच वडिलांना, जोसेफ बॅंक्रॉफ्टना, १८७६ मध्ये मोठा जंत सापडला होता आणि जंताच्या वुचेरेरिया बॅंक्रॉफ्टाय या नावातले बॅंक्रॉफ्ट म्हणजे हे वडीलच) पिंजऱ्यात केळं ठेवलं. साधं केळं! डास केळ्याचा रस शोषून आठवडे-आठवडे जगायला लागले, आणि १८९९ मध्ये त्याने लिहून ठेवलं की जंताची डासातली वाढ पुरी व्हायला पंधरवड्याहून थोडं जास्त लागतं. असे टिकवून ठेवलेले डास लंडनला मॅन्सनकडे गेले, तिथे जॉर्ज लो याने त्यांचे पातळ काप काढले आणि १९०० साली जंत सरळ सोंडेत बसलेला दिसला. पाण्याचा समज तिथे संपला, हा चाव्यातून येतो हे कळलं. हे सगळं केळ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण केळं नसतं तर तो डास सोळाव्या दिवसापर्यंत पोचलाच नसता.

आता तुझ्या प्रोजेक्टचं. तू विचारलंस त्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत, ते आधी सोडव. एक, साखरेने डास जास्त दिवस जगतो का? जगतो, यात शंका नाही. नुसत्या पाण्यावर ठेवलेली क्युलेक्सची मादी थोड्या दिवसांत मान टाकते, १० टक्के साखरेच्या पाण्यावर ती आरामात महिनाभर काढू शकते. आम्ही कधी कधी भिजवलेल्या मनुका ठेवायचो, त्यावर त्या कशा तुटून पडायच्या! दोन, साखर मिळालेल्या डासात जंत स्वतः जास्त वेगाने किंवा जास्त संख्येने वाढतो का? हा प्रश्न पूर्ण वेगळा आहे आणि इथेच लोक चुकतात. समज तू दोन पिंजरे ठेवलेस, एकाला साखर, एकाला नुसतं पाणी, आणि बाराव्या दिवशी अळ्या मोजल्यास. साखरेच्या पिंजऱ्यात जास्त सापडल्या म्हणून जंताला साखर मानवली म्हणशील, पण पाण्याच्या पिंजऱ्यात तोपर्यंत डासच उरलेले नसतील. आणि त्यातले जे आधी मेले त्यांच्यात कदाचित जंत जास्त होते म्हणून ते आधी मेले, कारण अंगात फार जंत झाले की डासाला तो भार सोसत नाही, त्याचे उडण्याचे स्नायूच जंताने व्यापलेले असतात. मग उरलेल्यांत कमी जंत दिसणारच.

म्हणून रोज ठरावीक डास उकल, मेलेलेही उकल (वाळायच्या आधी, सकाळ-संध्याकाळ पिंजरा बघावा लागेल), आणि किती जंत एवढंच न लिहिता कुठल्या टप्प्याचे आणि शरीराच्या कुठल्या भागात तेही लिही. डोकं, छाती, पोट वेगवेगळ्या सलाईनच्या थेंबात ठेव, एकाच थेंबात सगळं केलंस तर कुठून काय आलं काही कळणार नाही. प्रत्येक डासाचा पंखही मोजून ठेव, पंखाच्या लांबीवरून डास मोठा की छोटा ते कळतं आणि मोठा डास मुळात जास्त रक्त पितो. आणि सगळ्यांना पहिलं रक्त एकाच वेळी, एकाच नमुन्यातून मिळायला हवं, नाहीतर तुलनेला काही अर्थच नाही. हे काम गाईडच्या देखरेखीखाली आणि परवानगीनेच कर, तयार अळी असलेला डास पिंजऱ्यातून सुटणं ही साधी गोष्ट नाही.

दुसऱ्यांदा रक्त द्यायचं की नाही हेही आधीच ठरव. मलेरियाच्या परजीवीबाबत असं दिसलंय की डासाला मधे आणखी एकदा रक्त मिळालं तर परजीवी लवकर तयार होतो. आपला जंत पोटाच्या भिंतीवर नाही तर स्नायूंत वाढतो, त्यामुळे तेच निष्कर्ष उचलून इथे लावू नकोस, स्वतः बघ.

आमच्या बिल्डिंगच्या मागे उघडं गटार आहे, संध्याकाळी दारं-खिडक्या लावून बसावं लागतं. गटारातली घाण खाऊन वाढलेल्या डासांत जंत जास्त असतात का? म्हणजे जंत घाणीतून येतो का? — वाचक, डोंबिवली

नाही. हत्तीरोगाचा जंत घाणीतून येत नाही, पाण्यातून येत नाही, तो फक्त माणसाच्या रक्तातून डासात जातो. गटारातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोऱ्या डासात एकही जंत नसतो, मग गटार कितीही घाण असो.

पण गटाराचा संबंध नाही असंही नाही. डासाचं बालपण पाण्यात जातं आणि त्या आठवड्या-दीड आठवड्यात त्याची अळी जे खाते त्यावर पुढचा डास किती मोठा आणि किती दणकट होणार ते ठरतं. क्युलेक्सच्या अळीला सांडपाणी म्हणजे भरलेलं ताट, त्यातले जंतू, कुजलेले कण, शेवाळ, सगळं ती तोंडाजवळच्या ब्रशसारख्या केसांनी ओढून घेते. लॅबमध्ये आम्ही अळ्यांना कुत्र्याची बिस्किटं कुटून त्यात यीस्ट मिसळून द्यायचो. एकदा दोन ट्रे शेजारी होते, एकात अळ्या मोजक्या आणि खाणं भरपूर, दुसऱ्यात चुकून खूप दाटी झाली आणि खाणं कमी पडलं. दुसऱ्या ट्रेतले डास उशिरा निघाले आणि निघाले ते इतके बारीक की पिंजऱ्याच्या जाळीतून जातात की काय असं वाटलं. असा बारका डास रक्त कमी पितो, म्हणून एका वेळी पिल्लंही कमी घेतो, आणि अंगात साठा कमी असल्यामुळे बहुतेकदा लवकर मरतो.

म्हणजे उपाशी अळ्यांचे डास बरे असं कोणी म्हणेल, पण गटारात कोणी उपाशी राहत नाही ना, तिथे खाणं संपतच नाही. आणि क्युलेक्सची एक गोष्ट मला कायम काळजीची वाटत आलीये, रक्तात पिल्लं थोडी असली तरी तो ती उचलतो आणि नीट वाढवतो. त्यामुळे गावात रोगी कमी झाले की आता डासांकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल, असं अजिबात नाही.

करायचं काय? डासाच्या अळीच्या खाण्यातूनच तिला मारता येतं. बॅसिलस जातीच्या जिवाणूंची एक पावडर मिळते, गटारात फवारली की अळी ती खाते, तिच्या आतड्यात विष सुटतं आणि ती मरते, माणसाला-गुराला काही होत नाही. घाण पाण्यात यातला बॅसिलस स्फेरिकस जास्त टिकतो. महापालिकेच्या मलेरिया विभागाकडे अर्ज करा, एकट्याने नको, सगळ्या बिल्डिंगच्या सह्या घेऊन करा. आणि सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला नायलॉनची जाळी किंवा जुना स्टॉकिंग घट्ट बांधा, हे आजच करा, दहा मिनिटांचं काम आहे. बंद टाकीतून त्या पाइपनेच डास बाहेर पडतात आणि अंडी घालायला आत जातात.

थर्माकोलच्या बारीक गोळ्यांचा उपायही आहे. झांझिबार बेटावर मकुंडुची या गावात १९८८ च्या सुमारास शौचालयांच्या खड्ड्यांत पाण्यावर या गोळ्यांचा थर पसरला, अळ्यांना श्वास घ्यायला पृष्ठभाग मिळेना, आणि जोडीला लोकांना औषध दिलं. डासही उतरले आणि हत्तीरोगही. उघड्या वाहत्या गटारात मात्र याचा उपयोग नाही, गोळ्या वाहून जातील आणि पुढे कुठेतरी कचरा करतील.

डास मारला की हातावर रक्ताचा डाग पडतो. त्यात जंत असले तर त्वचेतून आत जातात का? मला फार किळस येते आणि भीतीही वाटते.

घाबरू नका. ते रक्त म्हणजे मादीने नुकतंच प्यायलेलं रक्त. त्यात जंताची पिल्लं असलीच तरी ती डासात दहा-बारा दिवस वाढल्याशिवाय माणसात काही करू शकत नाहीत. तयार अळी असते ती जुन्या मादीच्या सोंडेत. मादी चावायला बसली की सोंडेचं आवरण वाकतं, त्यातून अळी द्रवाच्या थेंबाबरोबर तुमच्या कातडीवर उतरते आणि डासाने पाडलेल्या भोकातून आत सरकते. इंजेक्शनसारखी टोचली जात नाही. यामुळेच हत्तीरोग व्हायला सहसा खूप चावे आणि खूप काळ लागतो, एका चाव्याने धास्तावू नका. हात मात्र साबणाने धुवा.

मी पुण्यात गच्चीवर बाग करते. डास फुलांचा रस पितात असं वाचल्यापासून घरचे मागे लागलेत की झाडं काढून टाक. काढू का?

नका काढू! कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेलं पाणी काढा, ते जास्त महत्त्वाचं.

पण घरच्यांच्या बोलण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. आफ्रिकेत माली देशात बांदियागारा भागातल्या नऊ गावांत एक प्रयोग झाला, २०१७ मध्ये तो छापून आला. तिथे आपल्याकडची वेडी बाभूळ, जिला विलायती बाभूळ पण म्हणतात, ती खूप माजलीये. मूळची अमेरिका खंडातली, आपल्यासारखीच तिकडेही आणून लावलेली. नऊपैकी सहा गावांत ही बाभूळ होती आणि त्यातल्या तीन गावांत तिच्या फुलांच्या फांद्या छाटून टाकल्या. तिथे मलेरियाचे डास तर कमी झालेच पण त्यातही वय झालेल्या माद्या फार कमी झाल्या, आधीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आल्या. साखर तुटली, म्हातारपण तुटलं.

म्हाताऱ्या मादीचं एवढं काय, तर एक हिशोब करून बघा. समजा शंभर माद्यांनी आज जंतवालं रक्त प्यायलं आणि जंत तयार व्हायला बारा दिवस लागतात. रोज शंभरातल्या नव्वद जगत असतील तर बाराव्या दिवशी २८ उरतात. रोज शंभरातल्या ऐंशी जगत असतील तर उरतात फक्त ७. रोजच्या जगण्यात दहाचा फरक आणि शेवटी लागण करू शकणाऱ्या माद्या चौपटीने कमी! डासांची एकूण संख्या बघून घाबरणारे लोक मी खूप पाहिले पण डासांचं वय कोणी विचारत नाही. आमच्या कामात मात्र पहिला प्रश्न तोच असायचा, ही मादी किती दिवसांची?

तुमची गच्ची म्हणजे काही मालीतलं बाभळीचं रान नाही. ती कोरडी गावं आहेत, तिथे दुसरी फुलं कमी. पुण्यात तुम्ही मोगरा काढलात तरी डासाला शेजारचा आंबा, रस्त्यावरचा गुलमोहर, फळवाल्याच्या गाडीखालची सडकी केळी आहेतच.

लसूण किंवा बी व्हिटॅमिनच्या गोळ्या खाल्ल्या तर डास चावत नाही म्हणतात, खरं का?

बी व्हिटॅमिनच्या गोळ्यांची नीट तपासणी झालेली आहे, उपयोग दिसलेला नाही. लसूण आवडीने खा पण त्याच्या भरवशावर मच्छरदाणी सोडू नका.

माझे पाय ठणठणीत आहेत, अंगावर कुठे सूज नाही. मग मी दरवर्षी गोळ्या का खायच्या? आमच्या गावात बरेच जण गोळ्या घेतात आणि आशाताई गेल्या की टाकून देतात, खरं सांगतो मीही टाकल्यात. — वाचक, भंडारा जिल्हा

खरं लिहिलंत, बरं वाटलं. तुमच्यासारखं करणारे खूप आहेत आणि गोळी टाकण्यामागे दर वेळी बेफिकिरी असते असं मला वाटत नाही, कोणी नीट समजावून सांगितलेलंच नसतं.

वर मी म्हटलं की डास फुलाचा रस पितो, फळ चोखतो, लहानपणी गटारात घाण खातो. या सगळ्या खाण्यात हत्तीरोगाचा जंत कुठेच नाही. तो फक्त एका पदार्थात आहे, माणसाच्या रक्तात. गाय, म्हैस, कुत्रं, कोंबडी, कोणाच्याच रक्तात हा जंत नसतो, जनावरांचे जंत वेगळे. आणि ज्यांच्या रक्तात पिल्लं फिरत असतात त्यातल्या पुष्कळ लोकांना काहीही त्रास नसतो, पाय ठणठणीत, तुमच्यासारखे. उलट ज्यांचा पाय सुजून जाड झालाय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तात आता पिल्लं सापडतही नाहीत. हे मी रात्रीच्या तपासणीत पाहिलंय, सुजलेल्या पायाच्या आजीची काचपट्टी कोरी आणि तिच्या धडधाकट नातवाच्या काचपट्टीवर रंग दिल्यावर निळसर वळणावळणाची पिल्लं पसरलेली. आजीकडे बघून लोक लांब सरकायचे, आणि डास जेवत होता नातवाकडे.

मोठा जंत माणसात साधारण पाच-सात वर्षं जगतो आणि त्या सगळ्या वर्षांत पिल्लं सोडत राहतो. डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्यांनी रक्तातली पिल्लं भराभर कमी होतात पण मोठे जंत सगळे मरत नाहीत, म्हणून दरवर्षी. आपल्या काही जिल्ह्यांत आता तिसरं औषध आयव्हरमेक्टिनही देतात. देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत हे तीन औषधांचं काम सुरू झालं त्यात नागपूर होतं, २०१९ च्या सुरुवातीला. पापुआ न्यू गिनीत झालेल्या चाचणीत तर तीन औषधांचा एकच डोस घेतलेल्या बहुतेक लोकांच्या रक्तात तीन वर्षांनंतरही पिल्लं नव्हती. आयव्हरमेक्टिनचा डोस उंचीवरून ठरतो, म्हणून ताई उंचीची पट्टी घेऊन येतात, त्याला नाही म्हणू नका.

उपाशीपोटी घेऊ नका. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि खूप आजारी माणूस यांना देत नाहीत, तीन औषधांच्या वेळी पाच वर्षांखालच्या मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत. गोळी घेतल्यावर कोणाला ताप, डोकेदुखी, गरगरणं, उलटी होते आणि मग गावभर होतं की गोळी बाधली. तो त्रास बहुतेकदा रक्तातली पिल्लं मरत असल्यामुळे होतो, म्हणजे ज्याला त्रास झाला त्याला गोळीची गरज होती. एक-दोन दिवसांत उतरतो, नाही उतरला तर ताईंना किंवा आरोग्य केंद्रात कळवा. आणि गोळी ताईंच्या समोरच गिळा, नंतर घेतो म्हणून खिशात टाकलेली गोळी कुठे जाते ते तुम्हीच लिहिलंत.

याच गोळ्या घेतलेल्या माणसाचं रक्त डास प्यायला तर डासाला काही होतं का? — इयत्ता नववी, गडचिरोली

शाब्बास, किती छान विचारलंस! होतं. आयव्हरमेक्टिन घेतल्यानंतर काही दिवस त्या माणसाचं रक्त ॲनॉफिलिस डास प्यायला तर तो नेहमीपेक्षा लवकर मरतो, म्हणून मलेरिया थांबवायला याचा उपयोग करता येईल का यावर आफ्रिकेत बरंच काम चाललंय. क्युलेक्स मात्र या औषधाला खूपच कमी दाद देतो, त्यामुळे हत्तीरोगात डास मरेल असं धरून चालायचं नाही. इथे फायदा वेगळा आहे, डास जगला, पोटभर रक्तही प्यायला, पण त्या रक्तात जंताचं पिल्लूच नव्हतं. शाळेत मायक्रोस्कोप असेल तर सरांना विचारून गटारातली एक अळी थेंबभर पाण्यात ठेवून बघ, तोंडाजवळचे ब्रश सारखे हलताना दिसतील, ती खात असते. काय दिसलं ते मला लिहून पाठव.